क्लब सोडायला निघालेला खेळाडू आणि चिडलेले चाहते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे २०२५ मध्ये अॅनफिल्डवर, म्हणजे लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या मैदानावर, रेआल माद्रिदला निघालेल्या ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्डची घरच्याच चाहत्यांनी हुर्यो उडवली. सप्टेंबर उजाडला तोवर आपल्या न्यूकासल क्लबशी भांडून स्ट्रायकर अलेक्झांडर इसाक त्याच मैदानावर दाखल झाला होता. तेव्हापासून तेच तेच प्रश्न येत आहेत, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. मी लिव्हरपूलवाला आहे हे आधीच सांगितलेलं बरं. त्या एका वर्षात आम्ही आधी फिर्यादी होतो आणि मग आरोपी झालो.

१. खेळाडू नोकरीच तर करतो ना? आपण कंपनी बदलली तर कोणी पुतळा जाळत नाही. मग त्यानेच काय घोडं मारलंय?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि तो विचारणारे बहुतेक जण फुटबॉल न बघणारे असतात. तुलना चुकीची नाही, लंगडी आहे. तुमच्या ऑफिसबाहेर दर शनिवारी पन्नास हजार माणसं तुमच्या नावाचं गाणं म्हणत नाहीत. तुमचं आडनाव पाठीवर छापून कोणाचा मुलगा शाळेच्या सहलीला जात नाही.

खरी गोम वेगळीच आहे. या खेळात खेळाडू जातो, प्रशिक्षक जातो, मालक क्लब विकून मोकळा होतो, छातीवरचा प्रायोजकही बदलतो. जाता येत नाही ते फक्त चाहत्याला. न्यूकासलचा माणूस कंटाळला म्हणून उद्यापासून शेजारच्या वैऱ्याचा, संडरलंडचा होत नाही. ज्याला दारच नाही त्याच्यासमोर कोणी दार आपटून गेलं, की ते लागतं. नुसत्या जाण्याचा राग फार काळ टिकत नाही. टिकतो तो कुठे गेला, कसा गेला आणि जाण्याआधी काय काय बोलला होता याचा. खालची बहुतेक उत्तरं याच तीन गोष्टींभोवती फिरतात.

२. 'त्याने ट्रान्सफर रिक्वेस्ट दिलेली नाही' असं बातमीत ठासून का सांगतात?

रिक्वेस्ट म्हणजे 'मला विका' असं क्लबला लेखी कळवणं. इंग्लंडमध्ये बऱ्याच करारांत असा अर्ज दिला की काही राहिलेल्या रकमांवर पाणी सोडावं लागतं. म्हणून एजंट आधी वर्तमानपत्रांतून बातम्या सोडतो, खेळाडू सराव चुकवतो, समाजमाध्यमावरून क्लबचा फोटो काढून टाकतो, आणि कागदावर मात्र काहीच नसतं. चाहत्यांना हा लपंडाव उघड अर्जापेक्षा जास्त खुपतो. लिव्हरपूलच्या फर्नांडो टोरेसने जानेवारी २०११ मध्ये रीतसर अर्ज दिला होता, त्याची जर्सीही लोकांनी जाळलीच. म्हणजे अर्ज दिल्याने सुटका होते असंही नाही.

३. फिगोवर खरंच डुकराचं डोकं फेकलं होतं का, की ती नुसती दंतकथा आहे?

खरंच फेकलं होतं. २३ नोव्हेंबर २००२, बार्सिलोनाचं मैदान कॅम्प नोऊ, बार्सिलोना विरुद्ध रेआल माद्रिद. लुईश फिगो कॉर्नर घ्यायला कोपऱ्यात गेला की वरून नाणी, लायटर, बाटल्या यायच्या. त्यातच डुकराच्या पिलाचं मुंडकं पडलं. पंचांनी काही मिनिटं सामना थांबवून संघांना आत नेलं. शेवटी ०-० सुटला.

लोकांना मुंडकं लक्षात राहतं आणि त्यामागचं कारण हरवतं. फिगो १९९५ ते २००० बार्सिलोनात होता, आणि परदेशी असूनही कातालान लोकांनी त्याला आपला मानला होता. २००० च्या उन्हाळ्यात रेआल माद्रिद क्लबच्या अध्यक्षपदाची निवडणूक लागली. फ्लोरेन्तिनो पेरेस तेव्हा आव्हान देणारे उमेदवार होते, आणि 'मला निवडा, मी फिगो आणतो' हे त्यांचं आश्वासन होतं. ते निवडून आले आणि सुमारे ६ कोटी युरो भरून त्याला घेऊन गेले. फुटबॉलमधली तोवरची ती सर्वांत मोठी रक्कम. म्हणजे बार्सिलोनाच्या लोकांचा लाडका माणूस शत्रूच्या घरातल्या निवडणुकीत जाहीरनाम्याचा मुद्दा झाला होता.

ऑक्टोबर २००० मध्ये तो पहिल्यांदा परतला तेव्हा स्टेडियमभर 'जुडास' लिहिलेले फलक होते. आपल्याकडे अशा वेळी सूर्याजी पिसाळ आठवतो, त्यांना येशूला पकडून देणारा आठवतो. त्या दिवशी फिगोने कॉर्नर घेतलेच नाहीत आणि बार्सिलोना २-० जिंकलं. दोन वर्षांनी मात्र तो कोपऱ्यात गेला आणि सावकाश, परत परत गेला. मला विचाराल तर दोन्ही बाजूंनी तो दिवस हौसेने साजरा केला.

४. इसाकने असं काय केलं की ज्याच्या गोलावर ७० वर्षांनी करंडक आला त्यालाच न्यूकासलवाले शिव्या देऊ लागले?

तो करंडक होता म्हणूनच.

१६ मार्च २०२५ ला वेम्बली मैदानावर न्यूकासलने लीग कपच्या अंतिम सामन्यात आम्हाला २-१ हरवलं. पहिला गोल डॅन बर्नचा, दुसरा इसाकचा. १९५५ च्या एफए कपनंतर इंग्लंडमधला एकही मोठा करंडक त्या शहरात आलेला नव्हता. आजोबा वाट बघत गेले, वडील म्हातारे झाले, आणि मग हा दिवस आला. त्या मोसमात इसाकने प्रीमियर लीगमध्ये २३ गोल केले. उत्तर इंग्लंडातल्या त्या शहराला वाटलं, आता कुठे सुरुवात झाली.

चार महिन्यांत चित्र पालटलं. संघ सिंगापूर आणि दक्षिण कोरियाच्या दौऱ्यावर गेला, इसाक मांडीची किरकोळ दुखापत सांगून मागे राहिला. मग कळलं की तो स्पेनमध्ये रेआल सोसिएदाद या आपल्या जुन्या क्लबच्या मैदानावर एकटाच सराव करतोय. करार २०२८ पर्यंतचा होता. लिव्हरपूलची ११ कोटी पौंडांची पहिली बोली क्लबने नाकारली. १९ ऑगस्टला त्याने जाहीर निवेदन काढलं, त्याचा आशय असा की मला शब्द दिला होता, तो पाळला नाही, विश्वास उरला नाही. या उन्हाळ्यात सोडू असा शब्द आमच्याकडून कोणीही दिलेला नाही, असं उत्तर क्लबने त्याच दिवशी दिलं.

२५ ऑगस्टला नशिबाने सामना लागला तोही न्यूकासल विरुद्ध लिव्हरपूल. इसाक नव्हता. दहा जणांनिशी खेळून, दोन गोलांची पिछाडी भरून काढून न्यूकासलने बरोबरी साधली, आणि अगदी शेवटी आमच्या सोळा वर्षांच्या रिओ एनगुमोहाने ३-२ केलं. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून दोन वाजून गेले होते, मी उशी तोंडावर धरून ओरडलो. १ सप्टेंबरला १२.५ कोटी पौंडांना व्यवहार झाला, ब्रिटनमधला विक्रम.

शब्द दिला होता की नव्हता, यात मी पडत नाही. पण मोसम तोंडावर असताना मुख्य स्ट्रायकर संपावर बसला की बदली माणूस चढ्या भावाने आणि उशिरा घ्यावा लागतो. न्यूकासलवाल्यांची तक्रार ही आहे: जा, पण आमची घडी विस्कटून जाऊ नकोस.

५. ट्रेंटने तर करार पूर्ण केला, संप केला नाही, रडगाणं गायलं नाही. मग त्याची हुर्यो का?

हा अवघड प्रश्न आहे, कारण वरच्या उत्तरातला एकही आरोप त्याला लागू होत नाही. सहाव्या वर्षी तो अकादमीत आला, वीस वर्षं राहिला, २०१९ मध्ये बार्सिलोनाला हरवणारा गोल ज्यावर झाला तो झटपट कॉर्नर त्यानेच घेतला. ५ मे २०२५ ला त्याने सांगितलं की मोसम संपला की जातो. ११ मे रोजी आर्सेनलविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि चेंडू पायाला लागला की हुर्यो. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २५ तारखेला शेवटच्या सामन्यात, त्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खुपलं ते हे: करार संपल्यावर गेला, त्यामुळे क्लबला हाती काय लागलं? क्लब वर्ल्ड कपसाठी त्याला महिनाभर आधी सोडण्याबद्दल माद्रिदने दिलेले सुमारे १ कोटी युरो. एवढ्या गुणाच्या माणसाची किंमत त्याच्या कित्येक पट आली असती. शिवाय तो त्याच गावचा. कॅप्टन व्हायचं स्वप्न आहे असं त्यानेच सांगून ठेवलं होतं. परक्याकडून आपण शब्दाची अपेक्षा कमी ठेवतो, घरच्याचं प्रत्येक वाक्य जपून ठेवतो.

करार संपल्यावर फुकट जाण्याचा हक्क युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बोसमन निकालाने दिला, आणि तो बजावणारा काही ट्रेंट पहिला नाही. २००१ मध्ये सोल कॅम्पबेल टॉटनहॅमहून (म्हणजे स्पर्सहून) असाच फुकट निघाला आणि थेट शेजारच्या वैऱ्याकडे, आर्सेनलला गेला. त्याबद्दल प्रश्न ९ पाहा.

६. ट्रेंट गद्दार आणि इसाक हिरो? लिव्हरपूलवाल्यांनो, हा दुटप्पीपणा नाही का?

आहे.

७. जायचं होतं, पण गेलाच नाही, असा खेळाडू पुढे लोकांना तोंड कसं दाखवतो?

गोल करून. दुसरा उपाय अजून कोणाला सापडलेला नाही.

२०१३ च्या उन्हाळ्यात आमच्या लुईस सुआरेसला आर्सेनलला जायचं होतं. आर्सेनलने ४,००,००,००१ पौंडांची बोली लावली, शेवटचा तो एक पौंड करारातल्या ४ कोटींच्या कलमासाठी. आमच्या मालकांनी जाहीरपणे विचारलं की तिकडे ही मंडळी ओढतात तरी काय. सुआरेसला वेगळा सराव करायला लावला, शेवटी तो राहिला. पहिले पाच लीग सामने तर प्रतिस्पर्ध्याला चावल्याच्या जुन्या शिक्षेत गेले. उरलेल्या ३३ सामन्यांत ३१ गोल! फेब्रुवारीत कोणाला आठवत होतं की ऑगस्टमध्ये हा माणूस पळायला निघाला होता? वर्षभराने तो बार्सिलोनाला गेला तेव्हा निरोपाचा सूर गोड होता.

वेन रूनीचं ऑक्टोबर २०१० मधलं प्रकरण याहून चमत्कारिक. मँचेस्टर युनायटेडला मोठे खेळाडू आणता येतील याची खात्री नाही म्हणून नवा करार करत नाही, असं त्याने २० तारखेला जाहीर केलं. प्रशिक्षक फर्ग्युसन यांनी त्यावर दुसऱ्याच्या रानातली गाय आपल्या गाईपेक्षा नेहमी बरी दिसते, अशा अर्थाचं काहीतरी सुनावलं. तोंडं झाकलेली काही माणसं रूनीच्या घराबाहेर जमली. आणि २२ तारखेला रूनीसाहेबांनी पाच वर्षांचा करार केला. फेब्रुवारी २०११ मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्धची ती ओव्हरहेड किक बसली आणि बहुतेकांचा राग विरघळला. तो क्लबचा सर्वाधिक गोलांचा मानकरी झाला, २५३ गोल, तरी जुन्या मंडळींच्या मनात एक कोपरा आंबटच राहिला.

सिटीच्या कार्लोस तेवेसने तर कहर केला. सप्टेंबर २०११, म्युनिक. बदली म्हणून उतरायला बाकावरून उठला नाही यावरून वाद पेटला, मग तो अर्जेंटिनात जाऊन गोल्फ खेळत बसला. वसंतात माफी मागून परतला, नॉर्विचविरुद्ध हॅटट्रिक केली आणि आनंद म्हणून हवेत गोल्फचा फटका मारला. सिटीने ती लीग जिंकली. जिंकल्यावर असले विनोद खपतात.

८. हॅरी केनला स्पर्सवाल्यांनी इतक्या सहज कसं माफ केलं?

२०२१ मध्ये सहज नव्हतं केलं. तो सरावाला उशिरा आला, आणि पहिल्याच सामन्यात त्याच्याविना स्पर्सने सिटीला, म्हणजे त्याला घेऊ पाहणाऱ्या क्लबलाच, १-० हरवलं. तेव्हा मैदानात गाणं उठलं: 'बघतोयस ना, हॅरी केन?' तो राहिला, दोन मोसम खेळला, क्लबचा सर्वांत मोठा गोलवीर झाला आणि २०२३ मध्ये बायर्नला गेला. इंग्लंडमधल्या दुसऱ्या क्लबला नाही, चांगले पैसे मिळवून देऊन, आणि तोवर लोकांनाच वाटू लागलं होतं की या बिचाऱ्याला एखादा करंडक मिळू दे. कसं जावं याचा कोणी नमुना मागितला तर मी हाच दाखवतो.

९. माफी मिळते का? साधारण किती वर्षं लागतात?

ठरलेला हिशेब नाही. टोरेस २०११ मध्ये ५ कोटी पौंडांना चेल्सीला गेला. पहिलाच सामना लिव्हरपूलशी होता आणि मेरेलेसच्या गोलाने आम्ही जिंकलो, ती रात्र गोड होती हे नाकारत नाही. मार्च २०१५ मध्ये आमचा कॅप्टन जेरार्डच्या धर्मादाय सामन्यासाठी तो अॅनफिल्डवर आला आणि लोकांनी त्याचं जुनं गाणं पूर्ण आवाजात म्हटलं. चार वर्षं. मध्ये चेल्सीत त्याचं फारसं जमलं नाही, हेही माफीला उपयोगी पडलं असणार. यशस्वी झालेल्या माणसाला माफ करायला जास्त वेळ लागतो.

रूनीचं पुन्हा उदाहरण: 'एकदा निळा तो कायम निळा' असा शर्ट मिरवून २००४ मध्ये एव्हर्टन सोडलं, पुढे त्यांच्याच मैदानावर युनायटेडच्या बिल्ल्याचं चुंबन घेतलं. तेरा वर्षांनी एव्हर्टननेच त्याला परत घेतलं. सोल कॅम्पबेलला मात्र स्पर्सची गल्ली आजही बंद आहे. तिथे अंतर मैलांचं नाही, उत्तर लंडनमधल्या दोन घरांमधलं आहे.

आणखी एक दृश्य. एप्रिल २०१३ मध्ये रॉबिन व्हॅन पर्सी युनायटेडकडून लीग जिंकून एमिरेट्सवर, आर्सेनलच्या मैदानावर आला. रिवाजाप्रमाणे आर्सेनलच्या खेळाडूंना दोन रांगांत उभं राहून विजेत्यांना टाळ्या द्याव्या लागल्या. त्या रांगेमधून त्यांचा आदल्या वर्षीचा कॅप्टन चालत गेला.

१०. राग खेळाडूवर न निघता क्लबवर निघतो, असं कधी होतं?

होतं, आणि या विषयातला माझा सर्वांत आवडता प्रसंग तिथलाच आहे. मे १९९० मध्ये फिओरेन्तिनाने रॉबेर्तो बाज्जोला युव्हेंटसला विकलं. फ्लोरेन्स पेटलं. रस्त्यावर दंगल झाली, पन्नासेक माणसं जखमी झाली. राग मालकांवर होता, कारण सगळ्यांना ठाऊक होतं की बाज्जोला जायचंच नव्हतं. एप्रिल १९९१ मध्ये तो युव्हेंटसच्या कपड्यांत तिथे खेळला, पेनल्टी मिळाली आणि त्याने ती घ्यायला नकार दिला. दुसऱ्याने घेतली, गोलरक्षकाने अडवली. बाज्जोला बाहेर काढलं, जाताना मैदानात पडलेला फिओरेन्तिनाचा जांभळा मफलर त्याने उचलला. आता युव्हेंटसवाल्यांनी काय म्हणावं? त्यांनी तर पैसे मोजले होते!

मेस्सीचं २०२० मधलं प्रकरण याच वळणाचं, फक्त तिथे त्याला स्वतःलाच जायचं होतं. बार्सिलोनाने बायर्नकडून ८-२ मार खाल्ल्यावर ऑगस्टमध्ये त्याने नोंदणीकृत पत्राने कळवलं की मी करारातल्या कलमाचा आधार घेऊन निघतो. क्लब म्हणाला, त्या कलमाची मुदत जूनमध्येच संपली, आता ७० कोटी युरो भरा. लोक कॅम्प नोऊबाहेर जमले ते अध्यक्ष बार्तोमेऊंनी राजीनामा द्यावा म्हणून. ज्या क्लबसाठी सगळं दिलं त्याला कोर्टात खेचणार नाही, असं म्हणत मेस्सी वर्षभर राहिला. अध्यक्ष ऑक्टोबरात गेले. घर सोडणाऱ्या मुलाऐवजी घर चालवणाऱ्यावर लोक चिडतात ते अशा वेळी.

११. जुन्या क्लबविरुद्ध गोल केल्यावर आनंद न दाखवणं हे नाटक वाटत नाही का?

पुष्कळदा नाटकच असतं. दोन महिने लोनवर (उसना) राहिलेलाही हात जोडतो तेव्हा हसू येतं. पण बातिस्तुता नऊ वर्षांनी फिओरेन्तिना सोडून रोमाला गेला आणि नोव्हेंबर २००० मध्ये त्यांच्याविरुद्ध गोल करून रडला, ते खोटं म्हणायची माझी हिंमत नाही. उलट टोक म्हणजे अदेबायोर: सप्टेंबर २००९ मध्ये सिटीकडून आपल्या जुन्या आर्सेनलविरुद्ध गोल केला आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जाऊन आर्सेनलवाल्यांपुढे गुडघ्यांवर घसरला. नव्वद मिनिटं शिव्या खाल्ल्या होत्या म्हणे. निदान प्रामाणिक होता.

१२. आपल्याकडे असं काही होतं का, की हे सगळं युरोपचंच?

कोलकात्यात मोसमाआधीच्या 'दलबदला'ची परंपरा जुनी आहे. सही होईपर्यंत प्रतिस्पर्ध्याने पळवू नये म्हणून पदाधिकारी खेळाडूंना लपवून ठेवायचे. अलीकडचं प्रकरण अन्वर अलीचं. दिल्ली एफसीकडून लोनवर मोहन बागानकडे असताना करार मोडून २०२४ मध्ये तो ईस्ट बंगालला गेला. भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीने सप्टेंबरमध्ये चार महिन्यांची बंदी आणि १२.९० कोटी रुपयांची भरपाई सुनावली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आदेश मागे घ्यावा लागला आणि तो ईस्ट बंगालकडून खेळला. मोहन बागानच्या माणसासमोर हे नाव काढून बघा.

आपल्या जवळचं म्हणजे गोवा आणि मुंबई. जानेवारी २०२० च्या शेवटी एफसी गोवाने प्रशिक्षक सर्जियो लोबेरा यांना काढलं. पुढच्या मोसमात ते मुंबई सिटीत आले आणि मागोमाग एफसी गोवाचेच ह्यूगो बुमू, मुर्तदा फॉल, अहमद जाहू आणि मंदार राव देसाईही आले. मंदार तर गोव्याचाच. कोविडमुळे तो अख्खा मोसम गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. उपांत्य फेरीत गाठ पडली ती नेमकी गोवा आणि मुंबईची, पेनल्टींवर मुंबई जिंकली आणि पुढे करंडकही घेतला. सोडून गेलेली माणसं फातोर्ड्यात येऊन खेळून गेली आणि मडगावच्या माणसाला घरात टीव्हीसमोर बसावं लागलं, हुर्यो उडवायची सोयही नाही.

कोल्हापूरकरांना मी काय सांगणार? तिथे संघ तालमीचा आणि तालीम पेठेची. हंगामाआधी नोंदणी झाली की कोण कोणाकडे गेला हे चहाच्या गाडीवर आधी कळतं. शाहू स्टेडियमवर एकदा तरी जाऊन या, प्रश्न १ पुन्हा विचारणार नाही.

१३. चाहत्यांनी कुठे थांबावं?

मैदानात हुर्यो, शिट्ट्या, टोचणारी गाणी, जुनी जर्सी परत पाठवणं: सगळं चालतं. घराबाहेर तोंड झाकून उभं राहणं चालत नाही. बायकोमुलांच्या फोटोंखाली घाण लिहिणं चालत नाही, आणि हे काम हल्ली पुण्यात-ठाण्यात बसूनही होतं. मुंडकं? तेही नाही, कितीही चवीने सांगत असलो तरी.

१४. जर्सीच्या पाठीवर त्याचं नाव आहे. आता काय करू?

जाळू नका, कृत्रिम धाग्याचा धूर वाईट असतो आणि गॅलरीत डाग पडतात. केस वाळवायच्या मशीनने गरम केलं की अक्षरं हळूहळू सोलून निघतात, फक्त खाली पुसट ठसा राहतो. नंबर काढायची घाई करू नका. माझ्याकडची टोरेसची ९ नंबरची जर्सी मी २०११ मध्ये कपाटाच्या तळाशी टाकली होती. आमची जर्सी आता पुन्हा आदिदासचीच आहे आणि ९ नंबर इसाककडे आहे. नाव तेवढं सोललंय.